काटा बरोबर होता

शिरीष, परवा पोलीस येऊन गेले.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. परवाना ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेला की त्याच्या बंदुका घरात ठेवता येत नाहीत, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस आणि मी "काहीतरीच काय बोलतोस" म्हणून विषय बदलला होता. आता फोन मीच केला. एक बाई आल्या, बरोबर एक उंच तरुण. दोघांनीही दारात बूट काढले. चपलांचा ढीग बघून त्यांना कळलं असावं. त्या ढिगात तुझे बूट अजून आहेत. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि सांत्वनाचा तो डच शब्द उच्चारला, जो हल्ली मला सुपरमार्केटच्या काउंटरवरही ऐकू येतो. आइंडहोवनला इतकी वर्षं राहून एवढी माणसं मला ओळखतात हे तू गेल्यावर समजलं.

वरच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली तुझ्या पाकिटात होती. पाकीट तुझ्या ऑफिसनं परत पाठवलं, जेवणाच्या डब्यासकट. डबा धुतलेला होता. कोणी धुतला असेल रे? तुझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या कोणीतरी, तुला घेऊन ॲम्ब्युलन्स गेल्यावर, पॅन्ट्रीत उभं राहून तुझ्या डब्यातली उरलेली भाजी टाकून डबा घासला असेल. मी त्या माणसाचा फार विचार करते.

त्यांनी रायफल काढली, पिस्तूल काढलं, कागदावरचे नंबर जुळवले आणि दोन्ही लांब पिशव्यांत घातलं. मी दारात उभी होते. ज्या वस्तूंवरून आपण इतकं भांडलो, त्या माझ्या डोळ्यांसमोरून जिना उतरून जाणार होत्या, आणि मला वाटत होतं की तू आता मागून येऊन म्हणशील, अहो, जरा जपून.

मग बाईंनी विचारलं, "आणि दारू?"

म्हणजे बंदुकीची. तुला आठवतं, तू पहिल्यांदा इथे परवाना मिळवलास आणि पुण्याला आईंना फोनवर कौतुकानं सांगितलंस, "आई, मी आता घरी दारू भरतो"? मग आईंचा आवाज, "वैशालीला फोन दे." मला त्यांनी विचारलं होतं, रोज घेतो का गं? त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. रिकाम्या झालेल्या काडतुसांत पुन्हा दारू भरून ती नेमबाजीच्या क्लबात वापरायची, हा काही लोकांचा छंद असतो आणि तुमचा मुलगा त्यातला एक आहे, हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीचे फटाके घरी करण्यासारखं?" तू म्हणालास, "अगदी तसंच." त्या म्हणाल्या, "मग तर अजून वाईट."

मलाही तेच वाटायचं. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल चालवायचास हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, पण पन्नाशी जवळ आल्यावर ते खूळ पुन्हा डोक्यात येईल असं वाटलं नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत लोक मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, सगळं ठीक आहे ना घरी? मी हसून वेळ मारून न्यायचे आणि घरी येऊन तुझ्यावर चिडायचे. तू म्हणायचास, "वैशू, यात गोळी मारण्याचा भाग सगळ्यात कमी आहे. बाकी सगळं मोजमाप आहे." दिवसभर ऑफिसात मोजमाप करायचास, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक गोष्टी मोजायच्या यंत्रांवर तुझं आयुष्य गेलं, आणि घरी येऊनही तुला मोजायचंच असायचं.

तर बाईंनी विचारलं, दारू कुठे आहे? गेल्या तपासणीत ती घरात होती अशी त्यांच्याकडे नोंद होती. मी त्यांना भिंतीवरचं ते लाकडी कपाट दाखवलं. दुसऱ्या किल्लीनं ते उघडलं, आणि ते रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही, पुसलेलं. तळाला नवा कागद अंथरलेला.

"कोणी नेली का?" बाईंचा आवाज तसाच मऊ होता, पण त्यांनी पेन हातात घेतलं होतं.

मी त्यांना काय सांगणार होते? अगदी तुझ्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण दोघं याच टेबलाशी बसून दारू मोजायचा तराजू तपासत होतो. दारूच घरात नसेल तर तराजू कशासाठी तपासायचा?

तराजू टेबलावर होता, मी शिवलेल्या कापडी खोळीखाली. त्या तरुणानं खोळ उचलली, बघितलं, पुन्हा नीट घातली. तराजूला परवाना लागत नाही म्हणाला.

मी विमकडे फोन लावला. तुझ्या क्लबातला तुझा मित्र, पांढऱ्या मिशांचा विम. तो म्हणाला, "त्यांना कॉफी दे. मी निघालो." सायकलवर यायला त्याला थोडा वेळ लागणार होता. बाई आणि तो तरुण खाली सोफ्यावर बसले, मी कॉफी ठेवली, आणि मी पुन्हा वर येऊन तुझ्या खुर्चीत बसले.

मला ते भांडण आठवत होतं, शिरीष. बंदुकीवरून झालेली बाकीची सगळी भांडणं विरून गेलीत, हे एक राहिलंय.

त्याआधी तू मला तराजूच्या जवळही येऊ द्यायचा नाहीस. कधीतरी चहा द्यायला आले की म्हणायचास, दारातूनच दे, तुझ्या पदराच्या वाऱ्यानं दांडी हलते. मी पदर कधी घेते इथे, हिवाळ्यात तर स्वेटरवर स्वेटर असतात. पण ते तुझं बोलणं. दांडीचा तराजू तुला हवा होता, बॅटरीवरचा नको. बॅटरीवरचा हीटर लागला की सरकतो म्हणायचास. आणि तो तराजू खरा आहे की नाही हे दारू मोजायच्या आधी प्रत्येक वेळी तपासायचं, हा तुझा नियम होता. एवढ्याशा दारूत थोडी जास्त पडली तर काडतूस हातात, तोंडासमोर फुटू शकतं. हे तू मला अगदी सुरुवातीला सांगून टाकलंस, आणि म्हणूनच मी दारातून चहा द्यायचे आणि जायचे नाही. जिन्यावर उभी राहायचे.

मग एका रविवारी तूच हाक मारलीस. "वैशू, जरा ये. हे वाच."

मी आले. तू खिडकी लावली होतीस, हीटर बंद केला होतास. टेबल सपाट आहे का ते बघायला पाण्याची बुडबुड्याची नळी ठेवली होतीस. दांडीवरचं सरकतं वजन दहावर आणून ठेवलं होतंस आणि पारड्यात दहा ग्रेनचं ते पितळी वजन. तुझा ग्रेन म्हणजे तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा, आणि तुला त्याच्या दहाव्या भागाची काळजी. तू म्हणालास, "काटा कुठे आहे?"

मी वाकून, डोळे काट्याच्या पातळीवर आणून बघितलं. "रेघेवर."

"नीट बघ."

"रेघेवरच आहे."

"रेघेच्या वर आहे, वैशू. चांगला दोन रेघा वर. तू तिरपं बघतेस."

"मी तिरपं बघत नाहीये."

तू मला उठवलंस, स्वतः बसलास, वजन चिमट्यानं काढलंस, पुन्हा ठेवलंस. दांडी बोटानं हलकेच खाली दाबून सोडलीस. ती वरखाली झाली आणि थांबली. मी तुझ्या खांद्यावरून बघत होते. रेघेवर. तू म्हणालास, "बघ, आता खाली थांबला. दर वेळी वेगळं दाखवतोय. खराब झाला हा."

मग सुरू झाली तुझी दुरुस्ती. दांडी ज्या पात्यावर टेकते ते पातं तू मऊ ब्रशनं झाडलंस, पात्याखालची खाच झाडलीस. टेबल खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी नेलंस. मग म्हणालास शेजारची वॉशिंग मशीन हलवतेय. शेवटी वजनंच चुकीची असतील म्हणून नवी मागवलीस, प्रमाणपत्रासकट. ती आली त्या रविवारी मी पुन्हा वाचलं. दहा ठेवलं, रेघेवर. वीस ठेवलं, रेघेवर. दोन्ही मिळून ठेवलं, तरी रेघेवर.

"शिरीष, काटा बरोबर आहे," मी म्हटलं.

तू चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसलास, पुन्हा घातलास, पुन्हा बघितलंस. मग एकदम ओरडलास, "तुला यातलं काय कळतं?" इतक्या वर्षांत तू माझ्यावर असा ओरडला नव्हतास. मीही म्हणाले, "नाही ना कळत, मग बोलावतोस कशाला?" आणि खाली निघून आले.

स्वयंपाकघरात मला वरून आवाज येत राहिला. ठक. ठक. ठक. तू त्याआधी भरलेली सगळी काडतुसं एकेक करून उघडत होतास, गोळी बाहेर काढून आतली दारू परत ओतून घेत होतास. हातोडीसारखं ते अवजार लाकडी ठोकळ्यावर आपटल्याचा तो आवाज. तराजू खराब असेल तर हे करायलाच हवं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तराजू खराब नाही हे मला माहीत होतं. मी पोळ्या करत राहिले. तू जेवायला खाली आलास तेव्हा म्हणालास, "आमटी छान झालीय." विषय तिथे संपला.

पुढच्या रविवारी तू जिन्यातून हाक मारलीस. "ये ना. मी वजन ठेवतो, तू वाच." आवाज अगदी साधा, जणू कायम असंच होतं.

आणि मग ते असंच झालं. तू चिमट्यानं वजन ठेवायचास, मी वाचायचे. श्वास धरून. काटा थांबेपर्यंत दोघांनी बोलायचं नाही. थांबला की मी म्हणायचे "रेघेवर" आणि तू म्हणायचास "बरं". मग तू पुढचं वजन ठेवायच्या आधी आपण थोडं बोलायचो. आपल्या मुग्धाचं युट्रेख्टमधलं घर, तुझ्या भावाचं ऑपरेशन, माझ्या कामावरची ती कुरकुरी बाई. खरं सांगू, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर आपण एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो. काटा हलत असताना गप्प, थांबला की बोलायचं. शेवटी तू म्हणायचास, "चल, झालं, आता मी बाकीचं करतो," आणि मी खाली यायचे. बाकीचं म्हणजे दारू भरणं, असं मी धरून चालले होते. तुझे डोळे, तुझी शुगर, यातलं काही मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. वर्षातून एकदा डोळे तपासून यायचास आणि "ठीक आहे" म्हणायचास.

विम आला. जिन्यातच धापा टाकत बाईंना म्हणाला की दारू त्यानं नेली, क्लबाच्या वहीत रीतसर नोंद करून, आणि ती कधीच वापरून संपली. तशी नोंद त्यानं फोनवर दाखवली. बाईंनी लिहून घेतलं, पेन ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. ते दोघं लांब पिशव्या घेऊन गेले. जाताना त्या तरुणानं बूट घालताना तुझे बूट चुकून पाडले आणि ते उचलून पुन्हा जोडीनं ठेवले.

विमला मी थांबवलं. "कधी नेलीस दारू?"

"मागच्या उन्हाळ्यात. शिरीषनंच बोलावलं होतं. तू कामावर होतीस."

"म्हणजे त्यानंतर त्यानं..."

"एकही काडतूस भरलं नाही. क्लबात यायचा, थोडे दिवस विकतची वापरली, मग तीही नाही. लोकांचे गुण लिहायला मदत करायचा. कॉफी प्यायचा." मग तो माझ्याकडे बघून थबकला. "तुला माहीत नव्हतं?"

मी मान हलवली.

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग सांगितलं. डोळ्यांच्या आतल्या पडद्याला सूज आली होती, शुगरमुळे. दर थोड्या आठवड्यांनी इस्पितळात डोळ्यात इंजेक्शन. त्यानंतर गाडी चालवता येत नाही, म्हणून विम तुला न्यायचा आणि ऑफिसला सोडायचा. तू सायकल सोडून चालायला लागलास ते शुगरसाठी असं मला सांगितलं होतंस. ऑफिसात यंत्रं सोडून नव्या लोकांना शिकवायचं काम घेतलंस, ते कंटाळा आला म्हणून. सगळं खोटंही नव्हतं, म्हणून मला पकडता आलं नाही.

"मी त्याला विचारलं होतं," विम म्हणाला, "आता भरत नाहीस तर तराजूचं काय करतोस? तो म्हणाला, रविवारी मी आणि माझी बायको तपासतो. मी म्हटलं, कशासाठी? तर नुसता हसला. म्हणाला, ती फार अचूक वाचते."

मी रडले नाही. मला राग आला, शिरीष. अजूनही आहे. विमला सांगितलंस. विमबरोबर इस्पितळात बसलास. मी इथे, तुझ्यापासून हातभर अंतरावर, श्वास धरून काटा वाचत होते आणि तुला वाटलं की मला सांगू नये. मी घाबरले असते म्हणून? मी "सोडून दे ती बंदूक" म्हटलं असतं म्हणून? मी म्हटलंच असतं. पण ती तर तू सोडलीच होतीस. मग राहिलं काय होतं लपवायला? हे मला तुझ्याशी भांडायचंय, आणि भांडायला तू नाहीस, आणि घरात दुसरं कोणी नाही. मुग्धाला फोन केला तर ती म्हणाली, "आई, बाबा वॉज लाइक दॅट." ती बरोबर आहे. पण ती तुझी मुलगी आहे, बायको नाही.

क्लबात एक बाई नव्यानं काडतुसं भरायला शिकतेय, तिला तराजू हवा आहे, असं विम म्हणाला. आज रविवार. तो न्यायला येणार आहे. तपासल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही हे मी तुझ्याकडून शिकले, म्हणून सकाळी खोळ काढली. एकटीनं करणं कठीण जातं रे. वजन ठेवायचं, मग उठून समोर यायचं, तर उठण्याच्या वाऱ्यानंच दांडी हलते. मग वाट बघत बसायचं. खोलीत काहीच आवाज नसतो. मधे बोलायला कोणी नसतं, म्हणून सगळं लवकर आटोपेल असं वाटलं होतं, पण उलट फार वेळ लागला. दहा बरोबर. वीस बरोबर. दोन्ही मिळून बरोबर. मी बुडबुड्याची नळी, ब्रश, वजनांची डबी सगळं एका खोक्यात भरलं.

विम आला, खोकं उचललं. मी दारात त्याला विचारलं, "त्याला नेमकं कसं दिसायचं? कधी बोलला का?"

त्यानं खोकं पुन्हा खाली ठेवलं. म्हणाला, सरळ रेघा वाकड्या दिसायच्या. आणि जिथे बघायचं तिथेच मधोमध धूसर ठिपका. कडेचं स्पष्ट. त्यामुळे एखादा चेहरा बघायचा असेल तर त्याच्याकडे सरळ बघून चालायचं नाही. थोडं बाजूला बघायचं, म्हणजे चेहरा दिसतो.

तो गेला. मी दार लावून तिथेच उभी राहिले.

गेलं वर्षभर तू माझ्याशी बोलताना माझ्या कानापलीकडे, खिडकीकडे कुठेतरी बघायचास. मला वाटायचं तुझं लक्ष नसतं. जेवताना, रविवारी टेबलाशी, स्टेशनवर मुग्धाला सोडून परतताना. एकदा मी चिडून म्हटलंही, "मी इथे आहे, शिरीष. माझ्याकडे बघून बोल." तू हसलास, आणि नजर अजून थोडी बाजूला नेलीस.